एलियाहू हन्नाबी : ठाणे-कुलाब्याच्या बेने-इस्रायल परंपरेतील एका संदेष्ट्याची स्मृती

ठाणे शहरात प्राचीन इस्रायलच्या एका संदेष्ट्याचे नाव तीन रूपांनी उच्चारले जाते. मराठी बायबल वाचणारा ख्रिस्ती त्यास ‘एलीया’ म्हणतो. कुराणाच्या अनुषंगाने मुसलमान त्यास ‘इल्यास’ या नावाने ओळखतात. आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेले बेने-इस्रायल त्यास ‘एलियाहू हन्नाबी’ म्हणतात. यांपैकी पहिली दोन नावे मुख्यतः ग्रंथांतून आली. तिसऱ्या नावाभोवती मात्र नवस आहे, नैवेद्य आहे, खडकावर उमटलेली खूण आहे आणि एके काळी उरूसही होता. ग्रंथातील एलियाहू आणि कोकणातील एलियाहू यांचे स्वभाव परस्परांहून इतके निराळे दिसतात की, हा एकच पुरुष आहे काय, असा प्रश्न अभ्यासकास पडावा. या स्वभावभेदाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखकाचा मूळ व्यवसाय भाषाशास्त्राचा असल्याने शब्दांच्या वाटेने तो इतिहासाकडे जाऊ पाहतो, हे वाचकांनी समजून घ्यावे.

प्रथम ग्रंथातील चरित्र. हिब्रू बायबलातील राजांच्या वृत्तान्तात एलियाहू एकाएकी प्रकट होतो. त्याचे कुलवृत्त सांगितलेले नाही. तो गिलआद प्रांतातील, तिश्बी म्हणविणारा, एवढीच ओळख. काळ इसवी सनापूर्वी नवव्या शतकाचा, राजा अहाब. अहाब हा केवळ कथेतील राजा नव्हे. असुर सम्राट तिसरा शल्मनेसर याच्या शिलालेखात इ. स. पू. ८५३ मधील कर्कर येथील लढाईच्या वर्णनात त्याचा उल्लेख आहे, आणि १८६८ साली उजेडात आलेल्या मवाबी राजा मेशा याच्या शिलालेखात त्याचा पिता ओम्री याचे नाव आहे. एलियाहूला असा शिलालेखी आधार नाही. राजांची नावे दगडावर राहिली; त्यांना बोल लावणाऱ्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले.

‘एलियाहू’ या नावाचा अर्थ ‘याहू हाच माझा देव’. अहाबाची राणी ईजेबेल हिने सिदोनहून आणलेली बाल देवतेची उपासना आणि या नावात सामावलेली प्रतिज्ञा यांचा संघर्ष म्हणजेच एलियाहूचे चरित्र होय. तो अवर्षणाची घोषणा करतो. ओढ्याकाठी लपून राहतो, तेथे डोमकावळे त्यास अन्न आणून देतात. ओढा आटल्यावर तो सारफथ गावी एका विधवेच्या दारी जातो. तिच्यापाशी मूठभर पीठ आणि कुपीच्या तळाशी थोडे तेल एवढेच उरलेले. तेही मुलाबरोबर खाऊन मरणाची वाट पाहावी, असा तिचा निश्चय. एलियाहू तिला आधी आपल्यासाठी लहानशी भाकर भाजावयास सांगतो. ती भाजते, आणि पाऊस पडेपर्यंत पीठ सरत नाही की तेल आटत नाही. पुढे तिचा मुलगा निःश्वास होतो, तेव्हा हा कठोर पुरुष त्यास माडीवर नेऊन त्याच्या अंगावर पालथा पडून देवाशी अक्षरशः भांडतो आणि मूल परत मिळवितो.

यानंतर कार्मेल पर्वतावरील प्रसंग येतो. एका बाजूस बालाचे साडेचारशे भविष्यवादी, दुसऱ्या बाजूस एकटा एलियाहू. तो त्यांची थट्टा करतो, तुमचा देव निजला असेल, प्रवासास गेला असेल, असे म्हणतो. अखेरीस अग्नी त्याच्या वेदीवर उतरतो. पण कथा येथे संपत नाही. पराभूत झालेल्यांना किशोन नदीकाठी नेऊन ठार करण्यात येते. श्रद्धाळू टीकाकारांनी या प्रसंगावर पुष्कळ पांघरुणे घातली आहेत. ती घालण्याचे प्रयोजन आम्हांस दिसत नाही. कारण मूळ कथाकारानेच पुढच्या अध्यायात या विजयी पुरुषाला वाळवंटात एका झुडुपाखाली बसविले आहे, आणि ‘आता मरण दे’ असे म्हणावयास लाविले आहे. देवदूत त्यास निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी देतो, त्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेब पर्वतास पोहोचतो. तेथे वादळ येते, भूकंप होतो, अग्नी येतो, आणि देव या तिहींतही नसतो. त्यानंतर जे येते त्यासाठी हिब्रूत तीन शब्द आहेत. भाषांतरांत त्यांचा सामान्यतः ‘मंद वाणी’ असा अर्थ केला जातो. परंतु मधला शब्द स्तब्धतेचा वाचक आहे आणि शेवटचे विशेषण ‘बारीक, दळून सूक्ष्म केलेले’ या अर्थाचे आहे. ज्याने अग्नी उतरविला त्याला अग्नीत देव नाही असे सांगणारा हा प्रसंग चरित्राचा कळस होय, असे आमचे मत आहे.

नाबोथाचा द्राक्षमळा राजाने बळकाविल्यावर ‘खून करून वारसाही घेतलास काय?’ अशा आशयाचा जाब त्याने अहाबास विचारला, तो प्रसंग सर्वपरिचित आहे. शेवटी तो मरत नाही. अग्नीचा रथ व अग्नीचे घोडे येतात आणि तो वावटळीतून वर जातो. त्याची चादर तेवढी शिष्य अलीशा याच्यासाठी मागे राहते.

न मेलेला पुरुष परत येऊ शकतो. मलाखी या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अखेरीस त्याच्या पुनरागमनाचे आश्वासन आहे, आणि तेथून यहुदी लोकजीवनात तो सर्वत्र संचार करू लागला. सुंतेच्या विधीत त्याच्यासाठी आसन मांडले जाते, वल्हांडणाच्या रात्री त्याच्या नावाचा प्याला भरला जातो, शब्बाथ संपताना त्याचे गाणे म्हटले जाते. ख्रिस्ती शुभवर्तमानांत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानास एलीयाच्या रूपात पाहिले गेले. ठाण्यातील मासुंदा तलावाजवळचे जुने चर्च याच योहानाच्या नावाचे आहे, आणि तेथून टेंभी नाक्याकडील यहुदी प्रार्थनास्थळ फारसे दूर नाही. हा योगायोगच, पण गावाच्या नकाशावर तो आहे खरा.

आता कोकणाकडे वळू. बेने-इस्रायलांची परंपरा सांगते की, त्यांचे पूर्वज गलबत फुटून कुलाब्याच्या किनाऱ्यावर नौगाव येथे लागले आणि सात स्त्रिया व सात पुरुष तेवढे वाचले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ साली पूर्ण केलेल्या, परंतु १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात या आगमनाचा काळ इ. स. पू. १७५ च्या सुमारास धरला आहे. त्यासाठी त्यांचा मुख्य आधार असा की, त्यानंतरच्या घटनेवर उभा असलेला हनुक्काचा सण या समाजास ठाऊक नव्हता. अभावावरून काढलेले असे अनुमान किती भार सोसेल, याविषयी मतभेद राहणारच. निश्चित असे म्हणता येते की, हे लोक अष्टागर व आसपासच्या गावांत तेल गाळण्याचा धंदा करीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, आणि म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. १७३८ साली सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने त्यांच्याविषयी ऐकून लिहिले, तेव्हा त्यांच्यापाशी धर्मग्रंथ नव्हता. ‘शेमा’ ही एक प्रार्थना त्यांना येत होती.

ग्रंथ नसलेल्या समाजाने आपले सण कसे सांभाळले याची साक्ष केहीमकरांनी नोंदविलेल्या नावांत आहे. मराठीच्या अभ्यासकाने ती मुळातून पाहावीत. नववर्ष तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा दिवस ‘दार फाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारे लावून घरात राहावयाचे. मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे. ‘खिरीचा सण’ निराळा. हिब्रू नाव एकही नाही. सणाचा इतिहास विसरला होता, हाताने करावयाचे काम तेवढे आठवत होते, आणि नाव त्या कामावरून पडले. याच मालिकेत शेवात महिन्याच्या पौर्णिमेस ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’ येतो. इतर यहुदी जगात हा दिवस वृक्षांच्या नववर्षाचा आहे. एलियाहूशी तो जोडला गेला कोकणातच. येथेच एक लक्षणीय भेद आहे. बाकीच्या सणांत व्यक्ती लोपली आणि खाद्यपदार्थ उरला. या सणात व्यक्तीचे नाव टिकले.

‘उरूस’ या शब्दावर क्षणभर थांबावयास हवे. अरबी ‘उर्स’ म्हणजे विवाह. सूफी साधूच्या मृत्यूस त्याचे ईश्वराशी झालेले मीलन मानून त्याच्या पुण्यतिथीस हे नाव मिळाले. म्हणजे उरूस हा मृताचा असतो. ज्याला मृत्यूच आला नाही त्याचा उरूस करणे हे शब्दार्थाच्या दृष्टीने विपरीत. पण कोकणातील बोलणाऱ्याच्या मनात तो अर्थ नव्हताच. त्याच्या लेखी उरूस म्हणजे साधुपुरुषाच्या नावाने, त्याच्या जागी जमणे. कल्याणजवळ मलंगगडावर माघी पौर्णिमेस उरूस भरतो. शेवातची पौर्णिमा कधी पौष तर कधी माघ पौर्णिमेच्या जवळपास पडते; २०२३ व २०२५ साली ती माघी पौर्णिमेलगतच होती. ठाणे-कल्याण-कुलाबा या पट्ट्यातील शेतकरी, कोळी, तेली अशा सर्वांचीच वर्षाची ही उसंतीची वेळ. भाताची कापणी-मळणी आटोपलेली, हातात थोडा पैसा आणि वर चांदणे. जत्रेला याहून सोयीचे दिवस कोणते?

एलियाहूची जागा अलिबाग तालुक्यातील खंडाळे गावी आहे. तेथील खडकावर ज्या खुणा आहेत त्या संदेष्ट्याच्या रथाच्या व घोड्यांच्या, तो कोकणात येऊन येथूनच स्वर्गी गेला, असे परंपरा मानते. रोमन लिपीतील लेखनात या स्थळाचे नाव ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ अशा रूपात येते. ‘टाप’ म्हणजे घोड्याचे खूर हा शब्द स्त्रीलिंगी. त्यास ‘चा’ प्रत्यय जुळत नाही. ‘टप्पा’ हा पुल्लिंगी असून व्याकरणास बसतो, पण खुणेचा अर्थ सांगत नाही. आमचा कल असा की, मूळ शब्द ‘टाप’ आणि ‘टप्पा’च्या सान्निध्याने त्याचे लिंग बदलले असावे. जॉर्डन नदीपलीकडची घटना अलिबागच्या खडकावर आणून बसविणे यात इतिहासाचा विपर्यास पाहणाऱ्यांनी आपल्याकडील पांडवांची लेणी आणि सीतेची न्हाणी मोजून पाहावीत.

नवसाचा विधी म्हणजे मलिदा. भिजविलेले पोहे, गूळ किंवा साखर, खवलेले ओले खोबरे, वेलदोडा, सुका मेवा. ताटात भोवती निरनिराळी फळे. हिब्रूतून प्रार्थना, एलियाहूचे स्तवन, फळांवरचे आशीर्वाद, मग वाटप. लग्नाआधी, सुंतेनंतर, दुखण्यातून उठल्यावर, नव्या घरात, प्रवासापूर्वी, नोकरी लागल्यावर मलिदा करतात. शब्द फारसी, ‘मालीदन’ म्हणजे चोळणे, कुस्करणे या धातूपासून. दर्ग्यावर वाहिला जाणारा मलिदा कुस्करलेल्या पोळीचा असतो, त्याचे नाव अन्वर्थक आहे. पोह्यांच्या मलिद्यात कुस्करण्यासारखे काही उरलेले नाही. नाव शेजाऱ्याचे घेतले, पदार्थ आपल्या भातखाचरातला ठेवला. (मराठीत ‘मलिदा खाणे’ या वाक्प्रचारास जी कुप्रसिद्धी आली आहे तिच्याशी या सात्त्विक ताटाचा संबंध जोडू नये!) ठाण्यातील एका घरी असा विधी पाहण्याचा योग आला असता घरातील वृद्ध बाई सहज म्हणाल्या, ‘नबीला बोलले होते.’ ‘नवस’ हा शब्दही त्यांना लागला नाही. मराठीत नवस ‘बोलतात’ आणि ‘फेडतात’. या क्रियापदांत देव व माणूस यांचा व्यवहार शेजाऱ्यांच्या उसनवारीइतका जवळचा झालेला असतो.

येथे प्रामाणिक अभ्यासकाने एका आक्षेपास उत्तर दिले पाहिजे. उरूस, मलिदा, रोजा हे शब्द ज्यांच्याकडून आले त्यांच्याकडूनच ही भक्तीही आली, कोकणी मुसलमानांच्या पीरभक्तीचे किंवा खिज्र-इल्यास या अमर जोडीच्या भक्तीचे हे यहुदी रूपांतर आहे, असे म्हणता येईल काय? बाह्य आकाराबाबत होय, असेच उत्तर द्यावे लागेल. ‘हन्नाबी’ या रूपातही हा संपर्क दिसतो. हिब्रूतील निश्चित उपपद ‘हा’ व त्यानंतरचे ‘न्’चे द्वित्व येथे टिकले आहे, पण हिब्रू ‘नावी’तील ‘व’ जाऊन अरबी-उर्दू ‘नबी’तील ‘ब’ आला आहे. बगदादी यहुद्यांच्या हिब्रू उच्चारातही येथे ‘ब’च असल्यामुळे त्यास दुजोरा मिळाला असावा. तथापि भक्ती संपूर्णतः उसनी असती, तर नाव ‘इल्यास’ असे राहिले असते. ‘याहू’ हा अन्त्य अवयव ग्रीक आणि अरबी या दोहोंनी गमावला; मराठी बायबलातील ‘एलीया’ हेही हिब्रूतील आखूड रूपाशी जुळणारे आहे. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे यहुदी शिक्षक कोकणात आले, जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, १८४६ साली मुंबईत वल्हांडणाची हग्गादा मराठी भाषांतरासह निघाली. त्या काळात नावाचा उच्चार शुद्ध करून घेतला गेला असणे शक्य आहे. पण शिक्षकांनी शिकविलेला एलियाहू ग्रंथातून आला असता. तो खंडाळ्याच्या खडकावर उतरला नसता आणि त्याचा ‘उरूस’ही झाला नसता. तेव्हा आकार शेजाऱ्यांचा, नाव ग्रंथाचे, आणि या दोहोंना जोडणारी आठवण समाजाची स्वतःची, असा निर्णय आम्ही करतो.

त्या आठवणीने चरित्रातील कोणता भाग निवडला, हे महत्त्वाचे. कार्मेलचा अग्नी नाही, किशोनचा संहार नाही, राजाला दिलेला जाबही नाही. निवडले ते सारफथचे घर : रिकाम्या हाताने दारी आलेला पाहुणा, सरत आलेले पीठ, कुपीच्या तळाचे तेल, आजारी मूल. विधवेच्या कुपीतील तेल आटले नाही ही कथा घाण्यावर जगणाऱ्या माणसास जवळची वाटली असेल, हे अनुमान आम्ही जबाबदारीने पण आग्रह न धरता मांडतो. बेने-इस्रायल घरांतील भिंतीवरच्या तसबिरीत एलियाहू अग्निरथात दिसतो खरा; पण त्याच्याशी बोलावयाचे ते मुलाच्या तापाविषयी आणि मुलीच्या लग्नाविषयी. चरित्रग्रंथात जे एक प्रकरण होते ते येथे संपूर्ण चारित्र्य झाले. होरेबवर अग्नीत देव नसल्याचे ज्याला कळले, त्या उत्तरायुष्यातील एलियाहूशी हे चारित्र्य विसंगत नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे लोक कंपनी सरकारच्या पलटणींत शिरले. १७९६ साली सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. ठाण्यापर्यंतची आगगाडी १८५३ साली सुरू झाली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली. कारकून, सुतार, रेल्वे व बांधकाम खात्यांतील नोकरदार या नात्याने बेने-इस्रायल या मार्गाने पसरले. ठाण्याचे ‘शाआर हाशामाईम’, म्हणजे ‘स्वर्गाचे दार’, हे प्रार्थनामंदिर १८७९ चे. त्याच सुमारास, १८८० मध्ये, बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यापासून या समाजात मराठी कीर्तनाची प्रथा पडली आणि बायबलातील चरित्रे साकी-दिंडी-ओव्यांत गाइली जाऊ लागली. खेड्यातील नबी शहरात आला तो असा, कीर्तनातून आणि मलिद्याच्या ताटातून. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. मागे राहिलेल्यांची वस्ती ठाण्याच्या बाजूस अधिक एकवटली.

या स्थलांतरात एक प्रसंग असा घडला की, एलियाहूची आठवण केवळ लोकसाहित्याचा विषय राहिली नाही. १९६२ साली इस्रायलमधील मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना आदेश दिले की, बेने-इस्रायल वधू-वरांच्या मातृवंशाची शक्य तितक्या मागपर्यंत चौकशी करावी. ज्यांनी ग्रंथावाचून शनिवार पाळला त्यांना आपण यहुदी असल्याचे दाखले द्यावयास सांगितले गेले. निदर्शने झाली, लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर बसले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे घोषित केले. गंमत अशी की, कोणते कुळ आत व कोणते बाहेर हा प्रश्न रब्बींच्या प्राचीन परंपरेत एलियाहूच्याच नावाशी जोडलेला आहे. मिश्नाच्या ‘एदुयोत’ या प्रकरणाच्या शेवटी चर्चा आहे ती हीच : एलियाहू परत येईल तो कुळांची शुद्धाशुद्धता ठरवावयास काय? काही पंडित म्हणतात, बळाने आत घेतलेल्यांना तो दूर करील आणि बळाने दूर लोटलेल्यांना जवळ करील. बहुसंख्य पंडितांचे मत मात्र असे पडते की, तो ना कोणास दूर करावयास येईल ना जवळ करावयास. तो येईल ते सलोखा करावयास. ज्या समाजाने हाच संदेष्टा उराशी धरून ठेवला होता त्यालाच त्याच्या निवाड्यापुढे उभे केले गेले, आणि तेही त्याच्या अनुपस्थितीत.

२०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. ठाण्यात मलिदा आजही होतो. पोहे बाजारातले, खोबरे घरी खवलेले, आणि प्रार्थना हिब्रूतून, पण मुलांना दटावणे मराठीतून. इस्रायलमध्ये गेलेल्यांपैकी अनेकजण भारतात आले म्हणजे खंडाळ्याच्या खडकावर जातात. तिकडे नवस फेडावयाचा झाला तर ते हैफा येथे कार्मेलच्या पायथ्याशी असलेल्या एलियाहूच्या गुहेत जमतात. ज्या डोंगरावर ग्रंथातील एलियाहूने अग्नी उतरविला आणि ज्याच्या खालच्या नदीकाठी साडेचारशे माणसे मारली गेली, त्याच डोंगराशी कोकणी बायका पोहे, गूळ आणि खोबरे यांचे ताट मांडून ठेवतात.